राहणार रेंथम

सरकारी नोकरीत बदलीची आज्ञा हाती पडली की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो सामानाचा. काय बरोबर न्यावे, काय विकावे आणि काय कोणाच्या गळ्यात बांधावे, ह्या विवंचनेत आठ-पंधरा दिवस जातात. परप्रांतात नोकरी करणाऱ्या आपणां सर्वांना हा अनुभव काही नवा नाही. ज्या कपाटासाठी एके काळी तीन दुकाने पालथी घातली, तेच कपाट शेजारच्या बिऱ्हाडाला निम्म्याहून कमी किमतीत देऊन टाकताना मनुष्य घटकाभर विरक्त होतो. माझ्या बाबतीत ह्या विरक्तीला कार्यालयीन सवयीचीही जोड आहे. जडसंग्रहाची नोंदवही सांभाळणे हे गेली काही वर्षे माझे काम आहे. खुर्ची मोडली, पंखा बंद पडला, की तिच्यासमोर ‘निरुपयोगी’ असा शेरा मारावयाचा, समितीच्या सह्या घ्यावयाच्या आणि लिलावाचा दिवस नेमावयाचा. त्या वहीत वस्तूचे नाव असते, क्रमांक असतो, खरेदीचे साल असते, किंमत असते. ती वस्तू वापरणाऱ्या माणसासाठी तेथे रकाना नसतो.

कलकत्त्यास आल्यावर मला लिलाव पाहण्याचा नाद लागला तो बहुधा ह्याच सवयीमुळे. रसेल स्ट्रीटवर पूर्वी लिलावघरांची रांगच होती. साहेबलोक देश सोडून जाऊ लागले तेव्हा त्यांच्या बंगल्यांतील पियानो, आरसे, चिनी मातीची भांडी, शिकारीची चित्रे हे सारे तेथून हातोड्याखाली गेले. आज त्या घरांतली फार थोडी उरली आहेत. पण रविवारच्या सकाळी तेथे जाऊन बसले तर अजूनही वेळ बरा जातो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात अशाच एका बैठकीत, झुंबरे आणि घड्याळे संपल्यावर, एक देवदारी खोके पुढे आले. ‘मिस्त्रीचे सामान’ एवढेच लिलाववाल्याने सांगितले. गंजलेल्या चार पटाश्या, दांडा तुटलेला हातोडा, एक गुण्या आणि तळाशी एक लाकडी रंधा. कोणी बोली बोलेना. मी सहाशे रुपये म्हटले आणि खोके माझ्या पायांशी येऊन पडले. घरी त्याचे स्वागत कसे झाले हे लिहीत नाही.

रंधा पुसला तेव्हा त्याच्या पुढच्या आडव्या तोंडावर अक्षरे दिसू लागली. ग्लासगोच्या मॅथिसन कारखान्याचा छाप होता. परंतु त्याच्या खाली आणखी दोन नावे लाकडात ठोकलेली होती. एक नीट, एका रेषेत. दुसरे तिरके, पहिल्याच्या शेवटच्या अक्षरावर चढलेले. कारखानदाराचे नाव वस्तूवर असावे हे समजते. पण ही दोन माणसे कोण? जहाजावरचा सुतार असेल, रेल्वेच्या कारखान्यातला कोणी असेल. मला त्यांचा पत्ता लागला नाही व लागण्याचा संभवही नाही. मात्र त्या दोन नावांच्या पाठीमागे जाता जाता मी ज्या इतिहासात शिरलो तो सांगण्याजोगा आहे.

युरोपात सुताराच्या हत्यारांवर नावे ठोकण्याची चाल जुनी. रंधा स्वतः तर फारच पुरातन. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेई नगरात रोमन रंधे सापडले आहेत आणि त्यांचे रूप आजच्या रंध्याहून फार वेगळे नाही. परंतु पुष्कळ काळ सुतार आपला रंधा आपणच घडवीत असे. लोखंडी पाते लोहाराकडून आणावे, बीच वृक्षाचा ठोकळा घ्यावा, त्यात तोंड कोरावे, पाचर बसवावी, झाला रंधा. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये केवळ रंधे करून विकणारे कारागीर दिसू लागतात. नावाने ज्ञात असलेल्या अशा जुन्या रंधाकारांत टॉमस ग्रॅनफर्ड ह्याची गणना करतात. ह्या मंडळींनी आपले नाव रंध्याच्या तोंडावर ठोकण्यास आरंभ केला. त्याखाली मग विकत घेणारा आपले नाव ठोकू लागला आणि त्याच्यानंतरचा मालक आपले. जुन्या इंग्रजी रंध्यावर तीन-तीन, चार-चार नावे आढळतात. आपल्याकडे सात-बाराच्या उताऱ्यात फेरफार होत जातात तसाच हा प्रकार. फरक एवढाच की येथे तलाठी नाही.

नाव ठोकण्याचे कारण भावनेचे नव्हते. रोजंदारीवर काम करणाऱ्या इंग्रज सुताराची हत्यारे त्याची स्वतःची असत, मालकाची नसत. हत्यारे गेली की रोजगार गेला. कारखान्याला आग लागली तर मालकाची इमारत जळे आणि त्याबरोबर वीस माणसांची पोटे जळत. म्हणूनच १८६० साली स्थापन झालेल्या सुतारांच्या मोठ्या संयुक्त संघाने, रॉबर्ट ॲपलगार्थ ज्याचा पुढे चिटणीस झाला त्या संघाने, आजारपण आणि बेकारी ह्यांच्याच जोडीला हत्यारे चोरीस गेल्यास वा जळाल्यास भरपाई देण्याची व्यवस्था ठेवली होती. अशा वेळी ‘हा रंधा माझा’ हे दाखवावयाचे कसे? तोंडावरच्या नावाने.

माझा एक मावसभाऊ बरीच वर्षे अमेरिकेत बॉस्टनच्या बाजूला आहे. त्याला मी रंध्याचे छायाचित्र पाठविले. त्याचे उत्तर आले ते असे, “दादा, ह्याच्यासाठी कलकत्त्यात सहाशे रुपये कशाला घातलेस? इथे दर शनिवारी कोणाच्या ना कोणाच्या तळघरात असली टोपलीभर मिळतात.” पुढे एका सुट्टीत तो स्वतःच अशा एका ठिकाणी गेला आणि मला सविस्तर लिहिले. त्या पत्रामुळे आणि नंतर वाचलेल्या ग्रंथांमुळे जी हकीकत जुळली ती पुढे देत आहे.

तिकडे ‘इस्टेट सेल’ नावाचा एक प्रकार आहे. आपण मराठीत ‘त्याची मोठी इस्टेट आहे’ असे म्हणतो तेव्हा श्रीमंती सुचवितो. इंग्रजी कायद्यात मात्र मनुष्य मेल्यावर त्याच्यामागे जे काही उरते त्या सगळ्याला इस्टेट म्हणतात. त्यात वाडा येतो आणि फुटकी किटलीही येते. घरातले वृद्ध वारले, किंवा वृद्धाश्रमात गेले, मुले दूरच्या गावी, घर रिकामे करून विकावयाचे. अशा वेळी घरातील सामान विकून देणाऱ्या व्यावसायिकाला बोलावतात. तो घरातल्या प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावतो आणि दोन-तीन दिवस घराचे दार लोकांना उघडे करतो. हा लिलाव नव्हे. येथे बोली नाही. पहिल्या दिवशी चिठ्ठीवरची किंमत, शेवटच्या दिवशी बहुधा निम्मी. पहाटेपासून दारात रांग लागते, क्रमांकाचे कागद वाटले जातात, आणि दार उघडताच माणसे वाटा फुटल्याप्रमाणे पांगतात. कोणी चांदीच्या चमच्यांकडे, कोणी पुस्तकांकडे. हत्यारांचे शोधक मात्र दिवाणखान्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते सरळ तळघराचा जिना उतरतात, नाहीतर मोटारीच्या कोठीत शिरतात.

माझा भाऊ त्यांच्या मागोमाग उतरला. तो लिहितो की भिंतीवर फळी लावलेली होती आणि फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगाने रेखून ठेवलेली होती. हत्यारे एकेक करून उचलली गेली आणि अर्ध्या तासात भिंतीवर नुसत्या आकृत्या राहिल्या. वरच्या मजल्यावर त्या गृहस्थाची मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून लोकांना कॉफी देत होती.

ह्या विक्रीचे मूळ जुने आहे. मॅसॅच्युसेट्स ही इंग्रजांची वसाहत असताना तेथे कोणी गृहस्थ वारला की वारसा-न्यायालय शेजारची प्रतिष्ठित माणसे, बहुधा तिघे, नेमून मयताच्या मालमत्तेची यादी करवीत असे. ही माणसे खोलीमागून खोली हिंडत आणि लिहीत जात: बिछाना, पलंग, काशाची भांडी, गाय, कुऱ्हाडी, शेवटी ‘किरकोळ जुनी हत्यारे’, आणि प्रत्येकीपुढे पौंड-शिलिंगांत किंमत. कर्ज फेडण्यासाठी वा वाटणीसाठी ह्यांतले सामान मग जाहीर विक्रीस निघे. तिला ‘व्हेंड्यू’ म्हणत. अशा हजारो याद्या आज तेथील दप्तरांत सुरक्षित आहेत आणि अठराव्या शतकातील माणसे कशी राहत, हे सांगणारे त्यांच्याइतके प्रांजळ साधन दुसरे नाही. नमुने पाहताना मला माझ्या नोंदवहीची आठवण वारंवार झाली. तोच क्रम, तीच कोरडी भाषा, आणि सामान कंटाळवाणे होऊ लागले की ‘किरकोळ’ ह्या शब्दावर बोळवण करण्याची कारकुनी युक्तीही तीच! एका बाबतीत मात्र माझी वही निराळी आहे, आणि तो फरक पुढे सांगावयाचा आहे.

आजच्या तळघरांत जे सापडते ते मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि विसाव्याच्या पूर्वार्धातले. त्याचे कारण त्या देशाच्या उद्योगात आहे. कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन ह्या गावी स्टॅन्ली नावाची कंपनी मोजपट्ट्या आणि पाणसळी करीत असे. बॉस्टनच्या लेनर्ड बेली ह्याने लोखंडी रंध्याची नवी रचना केली होती. पाते पाचरीने न अडकविता स्क्रूने खालीवर करता येईल, अशी. १८६९ मध्ये स्टॅन्लीने त्याचे हक्क विकत घेतले, आणि तेथून पुढे लाखो लोखंडी रंधे देशभर गेले. त्यांना क्रमांक होते. चार नंबर हा सफाईचा, पाच नंबर साधारण कामाचा, सात नंबर लांब फळ्या सरळ करण्याचा. सुतार नुसत्या नंबरावरून बोलत. बेलीचे आणि कंपनीचे पुढे पटले नाही आणि त्याने स्वतःचा प्रतिस्पर्धी रंधा काढला. पण सगळ्या जगाने उचलली ती त्याचीच पहिली रचना, आणि आपल्या बाजारात आज जो लोखंडी रंधा मिळतो त्याचे पोट उघडून पाहिले तर आत बेलीच आहे.

हे रंधे ओळखण्याचे एक शास्त्रच तिकडच्या शोधकांनी रचले आहे. रंध्याच्या बिडात, पात्याच्या बैठकीमागे, पेटंटच्या तारखा ओतलेल्या असतात. तीन तारखा असल्या, त्यांतली शेवटची १९ एप्रिल १९१० असली, की तो रंधा १९१० नंतरच्या सात-आठ वर्षांतला समजावा. पात्यावर बदामाची आकृती आणि तीत कंपनीची आद्याक्षरे दिसली तर तो १९२० नंतरच्या दीड दशकातला. विल्यम हार्ट नावाचे कंपनीचे अध्यक्ष होते, त्यांच्या आडनावावरून हा बदाम आला. करवतीचेही असेच. हेन्री डिस्टन हा इंग्लंडात जन्मलेला मुलगा १८३३ मध्ये बापाबरोबर फिलाडेल्फियास आला आणि बंदरात उतरल्यावर थोड्याच दिवसांत बाप वारला. मुलाने करवती करणाऱ्याकडे उमेदवारी केली, १८४० मध्ये स्वतःचा धंदा मांडला, आणि १८७८ मध्ये तो मेला तेव्हा त्याचा कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या करवत-कारखान्यांत मोडत होता. डिस्टन करवतीच्या मुठीवर पितळी बिल्ला असतो. त्यावरील नाव नुसते बापाचे की ‘आणि पुत्र’ जोडलेले, हे पाहून करवतीचे वय सांगता येते.

शोधक आणखी काय पाहतो? रंध्याच्या बिडाला तोंडापाशी तडा गेला आहे काय. पटाशीच्या पाठीला गंजाचे खोल खड्डे आहेत काय, कारण वरवरचा गंज निघतो पण पाठीचे खड्डे धारेपर्यंत पोचतात. करवतीचे पाते डोळ्यासमोर धरले असता सरळ दिसते की मध्ये वाकते. पटाशीवर ‘कास्ट स्टील’ अशी अक्षरे असली तर तो हरखतो. नवखा मनुष्य ह्याचा अर्थ बीड असा करून ती खाली ठेवतो. वास्तविक ही मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची खूण आहे. शेफील्डकडे बेंजामिन हंट्समन ह्याने अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ही कृती सिद्ध केली आणि धार टिकण्यात ह्या पोलादाची बरोबरी करणारे पुष्कळ काळ दुसरे काही नव्हते. महाग म्हणून त्याची पातळ पट्टी साध्या लोखंडावर जडवीत. जुने पाते घासले की राखाडी अंगावर धारेजवळ वेगळ्या चकाकीची एक रेघ दिसते. माझ्या रसेल स्ट्रीटच्या पात्यावर ती आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर विजेवर चालणारी हत्यारे स्वस्त झाली आणि ही सगळी संपत्ती अडगळ ठरली. परंतु तिची किंमत त्याच्या कितीतरी आधी एका माणसाने ओळखली होती, तीही अशाच विक्रीच्या ढिगापाशी. हेन्री मर्सर हा पेनसिल्व्हेनियातील डॉइल्सटाउनचा, पुरातत्त्वाचा अभ्यासक, विद्यापीठाच्या संग्रहालयात काम केलेला. १८९७ मध्ये तो जुन्या चुलाण्याचे चिमटे शोधण्यासाठी एका जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडे गेला. ह्या व्यापाऱ्याने खेड्यापाड्यांतल्या विक्रींतून पेनी-पेनीचे वाटे उचलून आणले होते: चरखे, जवस कुटण्याची साधने, मोडकी अवजारे. मर्सर त्या ढिगापुढे थबकला. इतकी वर्षे आपण जमीन खणून प्राचीन माणसाची दगडी हत्यारे शोधतो, आणि आपल्याच आजोबांची हत्यारे येथे सरपणाच्या मोलाने चालली आहेत! त्याच वर्षी त्याने त्यांचे प्रदर्शन भरविले. पुढे १९१६ पर्यंत त्याने पोलादी सळ्या घातलेल्या काँक्रीटचे सहा मजली संग्रहालय उभारले. आगीची त्याला धास्ती होती. आत मधल्या उंच दालनात छतापासून व्हेल पकडण्याची नाव आणि मालाची गाडी टांगलेली आहे. सुतारांच्या हत्यारांवरचा त्याचा ग्रंथ १९२९ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी तो वारला. संग्राहकांचे मंडळ १९३३ मध्ये न्यू इंग्लंडात स्थापन झाले, ते त्याने पाहिले नाही.

ह्या संग्राहकांच्या हाती जुने लाकडी रंधे येऊ लागले तेव्हा काही रंध्यांवर एक चमत्कारिक मजकूर दिसू लागला. इतरांवर नुसते नाव किंवा नाव आणि शहर असे. ह्यांवर नाव, आणि पुढे ‘लिव्हिंग इन रेंथम’. मराठी कागदपत्र वाचलेल्या माणसाला ह्याचे भाषांतर शोधावे लागत नाही. खरेदीखतात, साक्षीदाराच्या जबानीत, गहाणवटीत आपण जे शतकानुशतके लिहीत आलो तेच हे: अमुक तमुक, राहणार मौजे अमुक.

रेंथम हे बॉस्टनच्या नैर्ऋत्येस असलेले गाव. तेथे फ्रान्सिस निकल्सन नावाचा सुतार राहत होता. अमेरिकेत ज्याचे रंधे आणि ज्याची हकीकत अशी दोन्ही उपलब्ध आहेत असा हा सर्वांत जुना रंधाकार. तो १७५३ मध्ये वारला. ‘एफ. निकल्सन, राहणार रेंथम’ असा त्याचा छाप. त्याचा मुलगा जॉन हाही रंधे करी. त्याचा छाप रेंथमचाही आहे आणि पुढे कंबरलंड गावचाही आहे. ह्या रंध्यांना आज जाणकार दुरून ओळखतात: लंडनच्या बीचऐवजी तिकडच्या पिवळ्या बर्चचे लाकूड, लांबी सुमारे दहा इंच, कडा रुंद आणि सपाट तासलेल्या. बहुतेक कंगोरे काढण्याचे आहेत. नव्या वसाहतीत चर्च उठत होती, घरे उठत होती, दारांना आणि तावदानांना कंगोऱ्याच्या पट्ट्या हव्या होत्या. प्रत्येक कंगोऱ्याला वेगळा रंधा लागतो; तळाचा आकार उलटा कोरावा लागतो, आणि त्याच आकाराचे पाते घासून बसवावे लागते. हे काम नुसत्या बळाचे नाही.

आणि तिसरे नाव सापडले ते सीझर चेलर. ‘सीई. चेलर, राहणार रेंथम.’ छापाची घडण तीच, रंध्याची घडण तीच. पुष्कळ दिवस संग्राहकांनी हा निकल्सनचा कोणी शेजारी वा नातलग समजावा, हे साहजिक होते. उलगडा झाला तो न्यायालयाच्या दप्तरातून. सीझर चेलर हा आफ्रिकन वंशाचा मनुष्य, आणि तो फ्रान्सिस निकल्सनचा गुलाम होता.

माझ्या नोंदवहीहून त्या याद्या निराळ्या आहेत असे वर म्हटले, ते ह्यासाठी. वसाहतकाळच्या याद्यांत गाय आणि घोडा ह्यांच्या आगेमागे माणसांचीही नावे असत आणि त्यांच्यापुढेही पौंड-शिलिंग लिहिलेले असत. मॅसॅच्युसेट्स हा पुढे गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्यांचा प्रांत म्हणून नावाजला. परंतु अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथेही माणूस हा मालमत्तेचा एक प्रकार होता. मालक वारला की माणूस वारसाकडे जाई, नाहीतर विक्रीस निघे. सुतारकाम जाणणारा गुलाम अधिक किमतीचा, हे सांगावयास नकोच.

निकल्सनने आपल्या मृत्युपत्रात वेगळे केले. सीझरच्या सेवेबद्दल आणि वागणुकीबद्दल त्याने चांगले शब्द लिहिले आणि त्याला मुक्त केले. एवढ्यावरच न थांबता त्याला कामाचे बाक, हत्यारे, रंधे करण्यासाठी लाकूड आणि दहा एकर जमीन दिली. निकल्सनचे ह्याबद्दल कौतुक करणारे लेख मी वाचले आहेत. मला त्या कौतुकात पूर्णपणे सामील होता येत नाही. निकल्सनच्या छापाचे जे रंधे आहेत त्यांतले बरेचसे सीझरच्याच हातचे असावेत, असा जाणकारांचा तर्क आहे. अनेक वर्षे एका कर्मशाळेत दोघांनी काम केले आणि नाव एकाचेच ठोकले गेले. तेव्हा मृत्यूसमयी जे दिले गेले त्यात दान किती आणि थकलेले वेतन किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. तथापि न्यायालयापुढे आलेल्या शेकडो मृत्युपत्रांत गुलामाला चांगला कोट ठेवून जाणारे मालक सापडतात, हत्यारे आणि जमीन ठेवून जाणारा विरळा, हेही नमूद केले पाहिजे. सुटका झाली पण हत्यार नाही, अशी स्थिती असती तर सीझरला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या तरी बाकापाशी उभे राहावे लागले असते.

त्यानंतर सुमारे तीस वर्षे, १७८४ मध्ये मरण येईतो, सीझर चेलर रेंथममध्ये राहिला आणि रंधे करीत राहिला. त्याने लग्न केले, मुले झाली. आता छाप त्याच्या नावाचा होता. लोखंडी साच्यातले अक्षर न् अक्षर उलटे कोरलेले असते. रंधा तयार झाला, पाचर बसली, पाते बसले, की शेवटी तोंडावर साचा धरून एक घाव घालावयाचा. तो घाव त्याने किती वेळा घातला असेल कोण जाणे. अमेरिकेतील नावाने ज्ञात असलेला पहिला कृष्णवर्णीय रंधाकार म्हणून आज त्याची नोंद होते.

पण मला त्या छापातील नावाहून पुढचा शब्द अधिक वाचण्यासारखा वाटतो. निकल्सनने ‘राहणार रेंथम’ लिहिले तो एक पत्ता होता. गिऱ्हाइकाने पुन्हा यावे म्हणून दिलेला. सीझरने तोच मजकूर उचलला, कदाचित सवयीने, कदाचित धंद्याची ओळख तुटू नये म्हणून. पण गुलाम कोठे राहतो असे कोणी विचारीत नाही. मालक त्याला ठेवील तेथे तो असतो. स्वतःच्या दहा एकरांवर उभ्या राहिलेल्या माणसाने ‘राहणार’ म्हणून लाकडात ठोकावे, ह्यात पत्त्यापलीकडचा काही अर्थ त्याच्या मनात होता की नव्हता, हे कोणत्याही दप्तरात मिळणार नाही. त्याच्या मृत्यूच्या आधी एक-दोन वर्षेच क्वॉक वॉकर नावाच्या माणसाच्या खटल्यांत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने नव्या राज्यघटनेपुढे गुलामगिरी टिकत नाही असे म्हटले, आणि १७९० च्या शिरगणतीत त्या राज्यात एकही गुलाम नोंदला गेला नाही.

चेलर वारल्यावर त्याच्याही मालमत्तेची यादी न्यायालयात झाली. शेजारी आले, खोल्यांतून हिंडले, आणि त्यांनी किमती लिहिल्या.

त्याचे रंधे त्यानंतर दोनशे वर्षे न्यू इंग्लंडच्या घरांतून, कोठारांतून, एका सुताराकडून दुसऱ्याकडे फिरले. पुष्कळांच्या तोंडावर त्याच्या नावाखाली पुढच्या मालकांची आद्याक्षरे आहेत. त्या लोकांना तो कोण हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज असा एखादा रंधा विक्रीत निघाला तर संग्रहालये आणि श्रीमंत संग्राहक त्यासाठी उभे ठाकतात. तरीही मावसभाऊ म्हणतो की तळघरातल्या टोपलीत हात घालणारा प्रत्येक शोधक मनातल्या मनात तेच नाव घोकीत असतो. आकृत्या रेखलेल्या त्या भिंतीच्या घरातून त्याने स्वतः आणले ते मात्र एक डिस्टन करवत. बिल्ला ‘आणि पुत्र’ असलेला, पाते किंचित वाकलेले. शेवटच्या दिवशी गेला असता तर निम्म्यात मिळाली असती, असे त्याने हळहळून लिहिले आहे.

माझा मॅथिसन रंधा वर्षभर नुसता फडताळावर बसून होता. मागच्या विश्वकर्मापूजेच्या आधी, खिडकीचे दार घासू लागले म्हणून गल्लीतला मिस्त्री आला, तेव्हा त्याने तो उचलला, पाते काढून माझ्याच पायरीवर पाणी टाकून घासले, पाचर दोन ठोक्यांत बसविली आणि सागाच्या कडेवरून फिरविला. वर पातळ साल उलगडत आली, तिला वासही होता. मग त्याने तोंडावरची नावे अंगठ्याने चाचपली आणि हिंदीत विचारले, “दो नाम तो हैं, बाबू. तीसरा किसका लगेगा?” मी हसून वेळ मारून नेली.

गेल्या महिन्यात बदलीची आज्ञा आली. खोके पुन्हा बांधले आहे. घरच्यांच्या मते ते येथेच विकावयाचे होते. सामानाच्या यादीत अडतिसाव्या क्रमांकावर मी ‘रंधा, लाकडी, जुना, एक’ असे लिहिले आहे. यादीचा नमुना हिंदीत छापलेला आहे; माथ्यावर नाव, हुद्दा आणि त्याखाली ‘निवासी’, म्हणजे आपले राहणार. तेथे कलकत्ता लिहावे, नव्या ठिकाणाचे नाव लिहावे, की साताऱ्यातील आमच्या गावाचे, हे मला सुचले नाही म्हणून मी मुख्य कारकुनास विचारले. तो म्हणाला, तूर्त कोरे सोडा.